चिमूटभर नवसागर आणि रसायनशास्त्राचा पाया

दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद या पट्ट्यात मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपते आणि निकालाची वाट न बघता एप्रिलात अकरावीच्या शिकवण्या सुरू होतात. कालू सरायपासून लक्ष्मीनगरपर्यंत फलकांवर ‘फाउंडेशन’ हा शब्द झळकत असतो. काही ठिकाणी तर तो आठवीपासूनच लागू होतो. बदलीच्या नोकरीमुळे इथे आलेल्या मराठी घरांतही हीच घालमेल चालते. मूल पुण्याच्या किंवा नागपूरच्या शाळेतून आलेलं, आता सीबीएसईच्या वर्गात बसणार, मग त्याचा रसायनशास्त्राचा पाया पक्का आहे का? प्रश्न रास्त आहे. पण पाया म्हणजे नेमकं काय, हे ना फलक सांगतो, ना पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका. धड्यांची यादी पाठ असलेली मुलं भरपूर भेटतात, आणि त्यांतलीच पुष्कळशी अकरावीच्या दिवाळीपर्यंत हात टेकतात.

शालेय रसायनशास्त्रात मुळाच्या कल्पना फार नाहीत. द्रव्य कणांचं बनलेलं आहे. ते कण डोळ्यांना दिसत नसले तरी तोलून मोजता येतात; मोल म्हणजे हेच मोजमाप. कुठला अणू कुणाशी आणि कसा जोडला जाईल, हे त्याच्या बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन ठरवतात, आणि आवर्त सारणी हा त्याचाच नकाशा. बंध तोडायला ऊर्जा लागते, जुळताना ती बाहेर पडते. पुष्कळशा अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालतात आणि कुठेतरी समतोलाला येतात. आम्ल-आम्लारी अभिक्रियांत प्रोटॉनची, तर ऑक्सिडीकरण-क्षपणात इलेक्ट्रॉनची देवघेव होते. बाकीचे धडे हा याचाच विस्तार. माझं म्हणणं एवढंच आहे की या कल्पना सुट्या सुट्या येणं म्हणजे पाया नव्हे. एकच पदार्थ हातात घेऊन या सगळ्या कल्पनांतून तो आरपार नेता येणं, ही पायाची खरी कसोटी आहे.

त्यासाठी मी नवसागर निवडतो. कल्हईवाल्याने तापलेल्या पातेल्यावर टाकला की पांढरा धूर काढणारा तोच नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. स्वस्त आहे, सहज मिळतो आणि शाळेच्या प्रयोगशाळेत त्याची बाटली हमखास असते. नववीच्या विज्ञानात वर्षानुवर्षे तो संप्लवनाचं उदाहरण म्हणून येतो: चिनी मातीच्या बशीत नवसागर, वर उपडं नरसाळं, नरसाळ्याच्या नळीला कापसाचा बोळा. खालून उष्णता दिली की पांढरी वाफ उठते आणि नरसाळ्याच्या थंड भिंतीवर पुन्हा पांढरी भुकटी जमते. मूल वहीत लिहितं: स्थायूचं द्रव न होता थेट वायूत रूपांतर झालं, हा भौतिक बदल. गुण मिळतात आणि धडा संपतो.

आता हाच प्रयोग जरा निराळ्या पद्धतीने करून पाहा. कोरड्या परीक्षानळीच्या तळाशी चिमूटभर नवसागर घ्या. त्याच्या वर काचेच्या लोकरीचा सैलसर बोळा बसवा. बोळ्याच्या वर ओला लाल लिटमस आणि बोळ्याच्या खाली, नवसागराच्या जवळ, ओला निळा लिटमस ठेवा. खिडकी उघडी असू द्या आणि मंद आचेवर नळी धरा. थोड्याच वेळात वरचा लाल कागद निळा होतो, खालचा निळा कागद लाल होतो. एकाच पांढऱ्या पुडीतून वर आम्लारी गेलं आणि खाली आम्ल राहिलं. म्हणजे नवसागराची नुसती वाफ झाली नव्हती. त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू झाले होते. अमोनियाचा रेणू हलका, म्हणून तो बोळ्यातून आधी निसटला. नरसाळ्याच्या भिंतीवर जमली ती या दोघांच्या पुनर्मीलनातून झालेली भुकटी. नववीत ‘भौतिक बदल’ म्हणून शिकवलेली गोष्ट प्रत्यक्षात उलटसुलट चालणारी रासायनिक अभिक्रिया आहे.

नववीच्या मुलाला हे सगळं सांगायचं का? सांगायचं, असं मला ठामपणे वाटतं. निदान कापूर आणि नवसागर यांची वर्तणूक वेगळी आहे, एवढं तरी सांगायचं. कारण सोपं करून सांगणं वेगळं आणि पुढे पुसावं लागेल असं सांगणं वेगळं.

शिवाय या छोट्या प्रयोगाच्या मागे रसायनशास्त्राचा अख्खा पाया कसा घातला गेला, याचा इतिहास आहे. ॲव्होगॅड्रोने 1811 मध्ये मांडलं की समान तापमान आणि दाबाला वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं रसायनशास्त्रज्ञांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, आणि त्याला विरोध करणाऱ्यांच्या हातात एक पुरावा नवसागराचा होता. नवसागराचं रेणुवस्तुमान 53.5. ॲव्होगॅड्रोच्या नियमाने त्याच्या वाफेची घनता हायड्रोजनच्या सुमारे 26.7 पट भरायला हवी. मोजली तर ती भरे निम्मी. नियम खोटा, की वाफेत काही वेगळंच घडतंय? कानिझारो, कॉप आणि केकुले यांनी 1857-58 च्या सुमारास सुचवलं की एका रेणूचे दोन होत असावेत. वस्तुमान तेवढंच, कण दुप्पट, म्हणून घनता निम्मी. प्रत्यक्ष पुरावा दिला लिओपोल्ड फॉन पेबाल याने, 1862 मध्ये. सच्छिद्र बोळ्यातून वाफेतले वायू वेगवेगळ्या वेगाने पसरू देऊन त्याने ते लिटमसने ओळखले. वर सांगितलेला प्रयोग म्हणजे त्याचीच शालेय आवृत्ती. मधल्या काळात, 1860 मध्ये, कार्ल्सरूहच्या परिषदेत कानिझारोची पुस्तिका वाटली गेली आणि अणुवस्तुमानांचा गोंधळ निस्तरायला लागला. या अणुवस्तुमानांशिवाय मेंडेलीव्हची 1869 ची सारणी शक्यच नव्हती.

आता हाच नवसागर पुढच्या इयत्तांतून न्या. 5.35 ग्रॅम तोलले की तो दशांश मोल झाला. मोलची व्याख्या 20 मे 2019 पासून थेट संख्येवर बेतली आहे: 6.02214076 गुणिले 10 चा 23वा घात इतके कण. दिल्लीतल्या पुसा भागात राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे. भारताचा प्रमाण किलोग्रॅम, प्रत क्रमांक 57, तिथे जपलेला आहे. मोलच्या नव्या व्याख्येच्या दिवशीच किलोग्रॅमही धातूच्या ठोकळ्यापासून सुटून निसर्गाच्या स्थिरांकाला बांधला गेला. ही गोष्ट दिल्लीच्या प्रत्येक अकरावीच्या वर्गात सांगायला हवी, कारण ती घडवणाऱ्या व्यवस्थेचा एक भाग मेट्रोने जाता येईल इतका जवळ आहे.

10.7 ग्रॅम नवसागर 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवला तर पाणी साधारण सहा अंशांनी गार होतं. स्फटिक मोडायला लागणारी ऊर्जा आयनांभोवती पाणी जमताना मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त, म्हणून फरक पाण्यातून वसूल होतो. ऊर्जेचा धडा थर्मामीटरवर दिसला. याच द्रावणात निळा लिटमस धरला तर तो लालसर होतो, म्हणजे ‘क्षार म्हणजे उदासीन’ ही समजूत तिथेच मोडते. बंध म्हणाल तर या एका पदार्थात तिन्ही प्रकार आहेत: अमोनियम आणि क्लोराइड यांच्यात आयनिक, नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यात सहसंयुज, आणि अमोनियाने आपली इलेक्ट्रॉनची जोडी प्रोटॉनला दिली तिथे सहसंयोजी. जुन्या टॉर्चच्या सेलमध्ये जस्ताच्या डबीत हाच नवसागर लगद्याच्या रूपात असायचा. तिथे ऑक्सिडीकरण-क्षपणाचा धडा. आणि बारावीच्या क्षार-विश्लेषणात सोडियम हायड्रॉक्साइड घालून तापवलं की नाकाला झोंबणारा वास, नेसलरच्या द्रावणाने तपकिरी अवक्षेप, सिल्व्हर नायट्रेटने दह्यासारखा पांढरा अवक्षेप. नववीपासून बारावीपर्यंत पदार्थ एकच. पण मुलाला तो चार वेळा चार अनोळखी पाहुण्यांसारखा भेटतो.

हे असं का होतं, याची उत्तरं शोधणाऱ्यांनी बरंच काम करून ठेवलं आहे. ग्लासगोचे ॲलेक्स जॉनस्टन यांनी 1980 च्या दशकापासून दाखवलं की रसायनशास्त्रात एकाच गोष्टीच्या तीन पातळ्या असतात: डोळ्यांना दिसते ती, कणांची, आणि चिन्हांची. शिक्षक या तिन्हींत सहज ये-जा करतात, नवशिक्या मुलाला मात्र तिन्ही एकदम पेलत नाहीत. न्यूझीलंडमध्ये ऑस्बर्न आणि कॉसग्रोव्ह यांनी 1983 मध्ये मुलांना विचारलं की उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं. हवा, किंवा हायड्रोजन आणि ऑक्सिजन, अशी उत्तरं वरच्या वर्गांतली मुलंही देत होती. अमेरिकेत यारॉक यांनी 1985 मध्ये पाहिलं की मुलं समीकरण बिनचूक संतुलित करतात, पण त्याचं चित्र काढा म्हटलं की बऱ्याच जणांना जमत नाही; हायड्रोजनचे तीन रेणू काढायचे तिथे सहा अणूंची एक माळ काढतात. चिन्हांची पातळी पक्की, कणांची कच्ची. दिल्लीत कुठल्याही वर्गात ही चाचणी पाच मिनिटांत घेता येते आणि निष्कर्ष फारसा वेगळा येत नाही.

पाठ्यपुस्तकांचं म्हणाल तर देशाची पुस्तकं घडवणारी एनसीईआरटी दिल्लीतच आहे, 1961 पासून. कोविडनंतर ‘ओझं कमी करण्यासाठी’ म्हणून तिने जी काटछाट केली, ती 2022-23 पासून लागू झाली. दहावीतून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा धडा गेला. तो अकरावीत आहे, असं उत्तर मिळालं, आणि ते खरंही आहे. पण जी मुलं दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेला जातात, त्यांना आवर्त सारणी नीट कधी भेटतच नाही. नववीच्या ‘अणू आणि रेणू’ या धड्यातून मोलची संकल्पना गेली. अकरावीतून द्रव्याच्या अवस्था, हायड्रोजन, एस आणि पी खंडातली मूलद्रव्यं आणि पर्यावरणीय रसायनशास्त्र ही प्रकरणं गेली.

एस आणि पी खंडांबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. त्यांत पाठांतर जास्त होतं. आवर्त सारणी आणि मोल यांचं तसं नाही. हे दोन धडे ओझं नाहीत. बाकीचं ओझं हलकं करतात ते हेच. दहावीत धातू-अधातू आणि कार्बनी संयुगं शिकवायची, पण सोडियम इलेक्ट्रॉन का देतो आणि क्लोरीन का घेतो याचा नकाशा दाखवायचा नाही, तर मुलाने पाठ करण्याशिवाय काय करावं? महाराष्ट्र मंडळाच्या 2018 मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग 1 मध्ये आवर्ती वर्गीकरण दुसऱ्याच धड्यात आहे आणि नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात मोलही आहे. तेव्हा ती मालिका शिकून दिल्लीत आलेल्या मुलाचा पाया कच्चा असेल या भीतीने दबून जायचं कारण नाही. या दोन बाबतींत तो शेजारच्या बाकावरच्या मुलापेक्षा पुढेच असतो.

मग शिकवण्या. नीट परीक्षेत 2025 पासून 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे असतात, त्यांतले 45 रसायनशास्त्राचे. मिनिटाला एक प्रश्न या वेगात ‘का’ला जागा नाही, आणि शिकवण्यांनी त्या परीक्षेसाठी शिकवणं स्वाभाविक आहे. खरा घोटाळा होतो तो शाळेतून प्रयोगशाळा गायब झाल्यावर. पटावर नाव एका शाळेत आणि दिवस काढायचा शिकवणीत, हा ‘डमी’ प्रवेशाचा प्रकार इतका फोफावला की सीबीएसईने सप्टेंबर 2024 मध्ये दिल्ली आणि राजस्थानात अचानक तपासण्या केल्या आणि नोव्हेंबरमध्ये 21 शाळांची संलग्नता काढली. त्यांतल्या 16 दिल्लीतल्या होत्या. बारावीच्या रसायनशास्त्राला प्रात्यक्षिकाचे 30 गुण आहेत, त्यांत क्षार-विश्लेषणाचे 8. ज्याने वर्षभर परीक्षानळी धरली नाही, त्याला ते गुण कसे पडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अमोनियाचा वास एकदा घेतलेला मुलगा तो जन्मभर विसरत नाही. तक्त्यातून पाठ केलेला मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा पाठ करावा लागतो.

यावर उपाय कुणी केलेच नाहीत असं नाही, आणि त्यांतले काही याच शहरातून झाले. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये 16 शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक लवकरच सहभागी झाले. मुलांनी प्रयोग करायचा, निरीक्षण लिहायचं आणि निष्कर्ष स्वतः काढायचा, ही त्याची रीत होती. सरकारने तो 2002 मध्ये बंद केला. दिल्ली विद्यापीठातच रसायनशास्त्राचे प्रा. के. व्ही. साने यांनी युनेस्को आणि आययूपॅक यांच्या साहाय्याने स्वस्त उपकरणांचा उपक्रम चालवला. पीएच मीटर, संवाहकता मापक, रंगमापक ही महागडी समजली जाणारी यंत्रं स्थानिक बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून, शिक्षकांना स्वतः जोडता येतील अशा पद्धतीने बनवायची. हे काम आज जवळजवळ विस्मरणात गेलं आहे याची मला खंत वाटते. स्वस्त सेन्सर आणि मोबाइलचा कॅमेरा हाताशी असलेल्या आजच्या शाळेला ते तेव्हापेक्षा कितीतरी सोपं आहे.

दिल्लीच्या मुलांपुढे तर रसायनशास्त्र दारातच उभं आहे. आयआयटी मद्रासचे सचिन गुंठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये दाखवलं की दिल्लीच्या हिवाळी हवेतल्या सूक्ष्म कणांत क्लोराइडचं प्रमाण विलक्षण जास्त असतं. प्लास्टिकमिश्रित कचरा जाळण्यातून आणि उद्योगांतून हायड्रोजन क्लोराइड हवेत जातं. शेतीतून, गुरांच्या मलमूत्रातून आणि सांडपाण्यातून अमोनिया येतो. गंगा-यमुनेचं मैदान हे जगातल्या अमोनियाच्या सर्वांत मोठ्या पट्ट्यांपैकी एक. दोघे भेटले की अमोनियम क्लोराइड. पहाटे गारठा आणि दमटपणा वाढला की समतोल कणांच्या बाजूला झुकतो, कण पाणी शोषून फुगतात आणि धुकं दाटतं. दुपारी ऊन वाढलं की तोच समतोल वायूंच्या बाजूला सरकतो. नरसाळ्यातली वाफ आणि भिंतीवरची भुकटी, हाच खेळ अख्ख्या शहरावर चालतो. ज्या शहराच्या हवेत नववीचा नवसागर तरंगतो, त्या शहरातल्या अकरावीच्या पुस्तकातून पर्यावरणीय रसायनशास्त्राचं प्रकरण काढावं, ही गोष्ट मला मान्य करता येत नाही.

पाण्याचंही तेच. वझिराबादला यमुनेतला अमोनिया 1 पीपीएमच्या आसपास गेला की वझिराबाद आणि चंद्रावल इथल्या शुद्धीकरण केंद्रांना उत्पादन कमी करावं लागतं आणि दिल्लीच्या अनेक भागांत नळ कोरडे पडतात. क्लोरीनचा अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन बनतात आणि जंतू मारण्यासाठी घातलेलं क्लोरीन तिथेच खर्च होतं. पाणी जितकं अल्कधर्मी, तितका अमोनियम आयन अमोनियाच्या रूपात जास्त. पीएच सव्वानऊच्या जवळ दोन्ही निम्मे निम्मे. ही वर्तमानपत्रातली बातमी अकरावीच्या समतोलाच्या धड्यातलं गणित म्हणून सोडवता येते.

2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार सहावीचं ‘क्युरिऑसिटी’ 2024 मध्ये आणि सातवी-आठवीची पुस्तकं 2025 मध्ये आली. त्यांत करून बघण्याला जागा आहे. हाच आराखडा वरच्या इयत्तांनाही लागू आहे, आणि तिथे आवर्त सारणी आणि मोल दहावीच्या आत परत यायला हवेत.

तोवर एप्रिल-मे महिने पालकांच्या आणि शिक्षकांच्या हातात आहेत. अकरावीचं पुस्तक उघडण्याआधी पहिली वीस मूलद्रव्यं त्यांच्या इलेक्ट्रॉनांसह सारणीत मांडून घ्यावीत, कारण बंधांचा धडा त्यांच्यावाचून पुढे सरकत नाही. मग मोल, पण तराजूवर, गणितांच्या आधी. मग प्रत्येक समीकरणाचं कणांचं चित्र काढायची सवय. आम्ल-आम्लारी त्यानंतर, आणि समतोल सर्वांत शेवटी. शिकवणी निवडायचीच असेल तर तिथल्या शिक्षकांना आणि नंतर आपल्या मुलाला एकच प्रश्न विचारावा: नवसागर तापवल्यावर त्याच्या वाफेची घनता निम्मी का भरते? उत्तर चार ओळींत, चित्रासकट आलं, तर पुढचे धडे सुरू करायला हरकत नाही.